डाव्या पायाचं करायचं काय?

प्रश्न : बरीच वर्षं मी मॅन्युअल गाडी चालवते आहे, कच्च्या रस्त्यांवरही. मागे एकदा नवऱ्याच्या मित्रमंडळींबरोबर डोंगरात गेलो होतो. सुट्या खडीच्या उभ्या चढावर मध्येच गाडी बंद पडली आणि मागे सरकायला लागली. मी घाबरून क्लच दाबला, तशी ती आणखीच सुटली. कशीबशी थांबवली. पुन्हा चढवायचा प्रयत्न केला तर क्लच जळल्याचा वास यायला लागला. गाडी फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी) होती, पण फोर-लो, म्हणजे तिची सगळ्यात हळू आणि जोरदार चाल, लावायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आता आम्ही स्वतःची फोर-बाय-फोर घेतोय. मला ऑटोमॅटिक हवी आहे. नवरा आणि दीर म्हणतात, ऑटोमॅटिकमध्ये गाडी आपल्या ताब्यात राहत नाही, उतारावर सुटते, आणि ‘खरं ऑफ-रोडिंग मॅन्युअलवरच’. गाडी मी आणि नवरा दोघंही चालवणार. कुणाचं ऐकू?

उत्तर : ताई, तुमच्या दिरांचं निम्मं म्हणणं खरं आहे. उतारावर ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअलइतकी इंजिनावर धरून राहत नाही. पण त्याला उपाय आहे आणि तो अवघड नाही, त्यावर पुढे बोलू. ‘खरं ऑफ-रोडिंग’ वगैरे मात्र सोडून द्या. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकेचा एम-५ स्टुअर्ट हा हलका रणगाडा दोन कॅडिलॅक इंजिनं आणि हायड्रामॅटिक या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर चालायचा. १९८० च्या दशकात त्याच सैन्यात आलेल्या हमवी या सैनिकी गाडीलाही पहिल्यापासून ऑटोमॅटिकच. चिखल-वाळू-दगड हाच ज्यांचा रोजचा रस्ता, त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. मग आपण कशाला वाटून घ्यायचा?

आता त्या चढाचं बोलू, कारण तुमचा खरा प्रश्न तिथेच अडकलाय. त्या दिवशी तुम्हीही चुकला नाहीत आणि गिअरबॉक्सही चुकला नाही. चुकली ती रेंज. फोर-बाय-फोरला गिअरच्या दोन पट्ट्या असतात : हाय रेंज रोजच्या रस्त्यासाठी, लो रेंज (फोर-लो) हळू पण जास्त जोराने जाण्यासाठी. हाय रेंजमधला पहिला गिअर रस्त्यासाठी बनवलेला असतो. उभ्या चढावर त्या गिअरमध्ये गाडी जितकी हळू न्यायची असते तितकी हळू ती जाऊच शकत नाही. जरा वेग कमी झाला की इंजिन आचके द्यायला लागतं, मग आपण हाफ क्लचवर खेळवतो, आणि क्लच प्लेट घासून तापते. तो वास त्याचाच.

फोर-लोने नेमकं काय होतं ते आकड्यांत बघा. २०१८ च्या जीप रँग्लर रुबिकॉनचं मॅन्युअल मॉडेल घेऊ. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ५.१३, लो रेंजचं ४ आणि ॲक्सलचं ४.१०. तिन्हींचा गुणाकार साधारण ८४. म्हणजे इंजिनाचे ८४ फेरे झाले की चाकाचा एक फेरा. इंजिन आयडलवर मिनिटाला ८०० फेरे घेतंय असं धरलं, तर चाक मिनिटाला साडेनऊ फेरे घेणार. एका फेऱ्यात गाडी अडीच-पावणेतीन मीटर पुढे सरकते, म्हणजे वेग झाला ताशी दीड किलोमीटर. माणूस चालतो त्याच्या एक-तृतीयांश! या वेगाला क्लचची गरजच उरत नाही. दोन्ही पाय वर उचलून बसा, गाडी आपली मुंगीच्या पावलांनी चढत राहते. सगळ्याच गाड्यांची लो रेंज इतकी खोल नसते. काहींची जेमतेम दोनच्या आसपास असते. तरीही हाय रेंजशी तुलना केली तर जमीन-अस्मानाचा फरक.

याच गाडीच्या ऑटोमॅटिक मॉडेलमध्ये पहिला गिअर ४.७१ आहे आणि एकूण गुणाकार ७७ भरतो. कागदावर मॅन्युअल जिंकली. पण ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाला जोडलेला पंप ऑइल भिरकावतो, ते समोरच्या टर्बाइनवर आपटून तिला फिरवतं, आणि मधला स्टेटर परतणाऱ्या ऑइलची दिशा वळवून पंपाला हातभार लावतो. गाडी जवळजवळ थांबलेली असताना यामुळे टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण दुप्पट होतो. चाक दगडाला टेकून अडलंय, इंजिनाने जोर लावलाय, आणि काहीही घासत नाहीये, काही बंद पडत नाहीये, ही सोय मॅन्युअलमध्ये कुठल्याच पैशाने मिळत नाही. चढावर, आणि त्याहून जास्त दगडांवर, ऑटोमॅटिक सरस ठरते ती यामुळे.

दगडांवरचं जरा नीट सांगतो. समजा पुढचं उजवं चाक गुडघ्याएवढ्या दगडाला टेकलं. त्यावर चढायला जोर लागतो. चाक माथ्यावर पोचलं की तोच जोर नकोसा होतो, नाहीतर गाडी पलीकडे धप्पकन आदळते आणि खालचं काहीतरी फुटतं. मॅन्युअलमध्ये हा जोर कमी-जास्त करायला तुमच्याकडे फक्त ॲक्सिलरेटर असतो. क्लच दाबला की जोर पूर्ण तुटतो, गाडी मागे येते. ऑटोमॅटिकमध्ये उजवा पाय ॲक्सिलरेटरवर आणि डावा ब्रेकवर ठेवता येतो. ब्रेक हलका धरून ठेवायचा, ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवायचा, गाडी ताणलेली जाणवली की ब्रेक कणाकणाने सोडायचा. चाक वर सरकतं. माथ्यावर आल्याचं स्टिअरिंगमध्ये कळतं, त्याक्षणी ब्रेक परत धरायचा आणि गाडी पलीकडे अलगद उतरवायची. सगळा खेळ एक-दीड फुटात होतो आणि इंजिनाचा आवाज फारसा बदलतही नाही. बाहेर उभा असलेला माणूस म्हणतो, ‘काही केलंच नाही!’ तसं म्हणाला म्हणजे बरोबर केलं.

मात्र दोन सावधगिऱ्या. मॅन्युअलवर वाढलेला डावा पाय आडदांड असतो. क्लच पूर्ण दाबायची सवय असल्यामुळे तो ब्रेकही तसाच दाबतो आणि सगळे पुढच्या काचेकडे फेकले जातात. तेव्हा आधी मोकळ्या सपाट मैदानात, ताशी चार-पाच किलोमीटरच्या वेगाने डाव्या पायाला ब्रेक शिकवा. आणि ही सवय डांबरी रस्त्यावर अजिबात नेऊ नका, तिथे डावा पाय बाजूला. दुसरं म्हणजे, बऱ्याच नव्या गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबली की इंजिनाचा जोर आपोआप कापला जातो. सुरक्षेसाठीची ती यंत्रणा आहे. काही गाड्यांत लो रेंज लावल्यावर ती सैल होते, काहींत नाही. घ्यायच्या आधी हे चालवून बघा.

आता उतार, म्हणजे दिरांचा मुद्दा.

मॅन्युअल गाडीत लो रेंजचा पहिला गिअर टाकून दोन्ही पाय मागे घेतले की इंजिन आणि चाकं सरळ जोडलेली राहतात. गाडी इंजिनाला ओढू बघते, इंजिन तिला ओढू देत नाही, आणि हे रोखणं ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी, लो रेंज असलेली पेटी) चारही चाकांना वाटलं जातं. पायाच्या ब्रेकने सुट्या मातीवर चाक जॅम होतं, मग स्टिअरिंग निकामी. इंजिन ब्रेकिंगमध्ये चाक फिरत राहतं म्हणून गाडी वळवता येते. उभ्या, निसरड्या उतारावर याला तोड नाही, हे मी ऑटोमॅटिकच्या बाजूचा असूनही सांगतो.

ऑटोमॅटिकमध्ये अडचण दुहेरी आहे. डी (ड्राइव्ह) मध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की गिअरबॉक्सला वाटतं गाडी आरामात चाललीय, आणि तो वरचा गिअर टाकतो. झालं, गाडी सुटली. शिवाय टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाकडून चाकांकडे जोर पोचवण्यासाठी बनवलेला, उलट दिशेने तो तितका पक्का धरत नाही, ऑइलमध्ये थोडं निसटतंच. पहिल्या अडचणीवर उपाय दांडीचा : उतार सुरू व्हायच्या आधी लो रेंज, आणि दांडी एल, १ किंवा मॅन्युअल मोडच्या पहिल्या गिअरवर. उतारावर पोचल्यावर नव्हे, आधी. दुसऱ्या अडचणीवर उपाय डाव्या, नाहीतर उजव्या पायाचा : उरलेला वेग ब्रेकच्या हलक्या, सलग स्पर्शाने मोडायचा. दाबून सोडणं, परत दाबणं नको.

आणि हिल डिसेंट कंट्रोल, म्हणजे उतारावर गाडीचा वेग आपोआप धरून ठेवणारी यंत्रणा, असेल तर तो वापरायला लाजू नका. १९९७ मध्ये लँड रोव्हरने फ्रीलँडरला तो पहिल्यांदा दिला तो याचसाठी, की त्या गाडीला लो रेंजच नव्हती. एबीएसचा (चाकं जॅम होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेचा) पंप प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगवेगळा धरतो-सोडतो, आणि हे कुठल्याही माणसाच्या पायाला जमणारं नाही, आपल्याकडे ब्रेकचं पेडल एकच असतं. घरघर, खडखड आवाज येतो, पेडल थरथरतं. घाबरून बंद करू नका, तो कामाचा आवाज आहे. फार लांब उतारावर मात्र ब्रेक तापतात, म्हणून लो रेंज असेल तर ती आधी, हा बटणाचा खेळ नंतर.

दोन्ही गाड्यांना लागू असलेली एक गोष्ट अंगाला सवय होईपर्यंत विचित्र वाटते. उतारावर इंजिन ब्रेकिंग करूनही मागचा भाग एका बाजूला सरकायला लागला, म्हणजे चाकं गाडीपेक्षा हळू फिरताहेत. अशा वेळी ब्रेक नाही, किंचित ॲक्सिलरेटर द्यायचा. चाकांना गाडीच्या वेगाशी जुळू द्यायचं, पकड परत आली की सोडायचं. मन ओरडून सांगत असतं की ब्रेक दाब. तुम्ही क्लच दाबलात ना, तीच ऊर्मी ही. घाबरलेला पाय जवळचं पेडल दाबतो. मॅन्युअलमध्ये ते पेडल क्लच असलं तर इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो आणि गाडी मोकळी घरंगळते. ऑटोमॅटिकमध्ये हे पेडलच नाही. माझ्या मते तुमच्यासाठी हाच सगळ्यात मोठा फरक आहे. उत्तम चालकाच्या हाती दोन्ही गाड्या उत्तमच चालतात. प्रश्न असा आहे की वाईट क्षणी हातून होणारी चूक कुठल्या गाडीत परवडेल.

चढावर गाडी बंद पडली तर काय करायचं हे तरीही पाठ हवं, कारण नवऱ्याच्या मित्रांच्या मॅन्युअल गाड्या तुमच्या हाती येणारच. बंद पडल्या क्षणी उजवा पाय ब्रेकवर, घट्ट. क्लचला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही, गिअरमधलं बंद इंजिन गाडीला धरायला मदत करतं. हँडब्रेक ओढा. मग श्वास घ्या, इथे घाई कुणालाच नाही. ब्रेक धरूनच क्लच दाबा, लो रेंजमधला रिव्हर्स टाका, क्लच पूर्ण सोडा. आता हँडब्रेक आणि ब्रेक हळूहळू सोडून बघा, गाडी गिअरवर थांबते. चावी फिरवा. स्टार्टर इंजिनासकट गाडीलाच मागे ढकलतो, इंजिन सुरू होतं आणि तुम्ही सरळ रेषेत, इंजिनाच्या धाकात, मागे उतरता. बऱ्याच नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट होत नाहीत. तिथे ब्रेकवर पूर्ण भिस्त ठेवून क्लच दाबून सुरू करायची, रिव्हर्समध्ये क्लच पूर्ण सोडायचा, आणि मगच ब्रेक सैल करायचा. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन सहसा चालूच असतं, म्हणून काम सोपं : ब्रेक, आर (रिव्हर्स), आणि ब्रेक हलका सोडत खाली. इंजिन इथे कमी धरतं, ब्रेक थोडा जास्त लागतो. न्यूट्रलला जायचं नाही. आणि गाडी कुठलीही असो, अर्ध्या चढावर वळवून आडवी करायची नाही. गाड्या पलटतात त्या तिथे.

वाळूबद्दल थोडक्यात. तिथे सगळा खेळ चालतेपणाचा. मॅन्युअलमध्ये गिअर बदलताना जोर तुटतो, तेवढ्यात वाळू गाडीला धरते आणि पुढचा गिअर उचलतच नाही. म्हणून लो रेंजचा दुसरा किंवा तिसरा टाकून तोच धरून ठेवावा लागतो. ऑटोमॅटिक जोर न तोडता गिअर बदलते, तिथे ती निर्विवाद पुढे आहे. पण त्याहून मोठा फरक टायरची हवा पाडते. १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा आणि मग बघा. पक्क्या रस्त्यावर येताच परत भरा. चिखलात उलट, रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवून काढायची असेल तर पहिला आणि रिव्हर्स यांत झटपट ये-जा करणारी मॅन्युअल बरी. ऑटोमॅटिकमध्ये चाकं फिरत असताना डी-आर, डी-आर केलं की आतल्या प्लेटा भाजतात. चाकं पूर्ण थांबू द्यायची, मग दांडी हलवायची. आणि पाण्यातून जाताना मॅन्युअलमध्ये क्लच दाबू नका, प्लेट आणि फ्लायव्हील यांच्यामध्ये पाणी शिरून क्लच घसरतो. ऑटोमॅटिकला ही भीती नाही. गरम गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी खेचलं जातं, ही मात्र दोन्हींना आहे. ब्रीदरच्या, म्हणजे आतली हवा ये-जा करायच्या, नळ्या उंच नेलेल्या आहेत का ते बघून घ्या.

ऑटोमॅटिक घ्या, असं मी म्हणेन, पण कुठली ते नीट बघा. मी वर जे गोडवे गायले ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सचे आहेत. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच मशीन दाबतं. चढावर ती हाफ क्लचवर तुमच्यासारखीच प्लेट जाळते, आणि वर तुम्हाला विचारतही नाही. ड्राय क्लचवाल्या (ऑइलमध्ये न बुडलेल्या क्लचच्या) डीसीटीचं, म्हणजे दोन क्लचच्या गिअरबॉक्सचं, दुखणं तेच. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला गिअरबॉक्स, शहरात छान, पण लांब चढावर जोर घेत राहिली की तापते आणि स्वतःला वाचवायला ताकद कमी करते. दगडधोंड्यांचा विचार असेल तर विक्रेता ‘ऑटोमॅटिकच आहे हो’ म्हणाला म्हणून मान डोलवू नका. गिअरबॉक्स कोणत्या प्रकारचा, आणि लो रेंज खरी, म्हणजे ट्रान्सफर केसमधली आहे की नुसता ड्राइव्ह मोडचा गोल खटका, हे दोन प्रश्न विचारा. खरी लो रेंज असलेली मॅन्युअल आणि लो रेंज नसलेली ऑटोमॅटिक यांतून निवडायचं झालं, तर बेलाशक मॅन्युअल घ्या. माझं वरचं सगळं म्हणणं त्यावेळी बाद.

ऑटोमॅटिकचा वैरी उष्णता. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये जे निसटतं ते ऑइल तापवतं. ट्रान्समिशन ऑइलचं तापमान दाखवणारी गाडी मिळाली तर दुधात साखर. १२० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की थांबा, पण इंजिन बंद करू नका. दांडी पी (पार्क) वर, हँडब्रेक, आणि इंजिन आयडलवर, म्हणजे पंप ऑइलला कूलरमधून फिरवत राहील. मॅन्युअलमध्ये क्लच तापला तर उलट, गाडी उभी करून त्याला गुमान थंड होऊ द्यायचं, पुन्हा पुन्हा दाबून बघायचं नाही.

आणि एका बाबतीत मॅन्युअलला हात जोडतो. बॅटरी गेली तर उतारावर ढकलून सुरू होते. ऑटोमॅटिक होत नाही, कारण तिचा ऑइल पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद तर पंप बंद. त्याच कारणाने बंद पडलेली ऑटोमॅटिक चाकांवर ओढत नेणं बहुतेक गाड्यांत मना असतं, आत वंगणच पोचत नाही. ट्रान्सफर केसला न्यूट्रल असेल तर काही गाड्या ओढता येतात. कशा आणि किती लांब, हे गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. एकट्या गाडीने आडरानात जायचा बेत असेल तर जंप स्टार्टर (गाडी सुरू करून देणारी छोटी बॅटरी) सोबत असू द्या.

टेस्ट ड्राइव्हला दोघं जा, आणि डांबरी रस्त्यावर एक फेरी मारून परत येऊ नका. एखादा कच्चा, उभा उतार मागून घ्या. लो रेंज लावताना गाडी थांबवून दांडी न्यूट्रलला नेताय ना, ते बघा. मॅन्युअल असेल तर क्लच दाबलेला ठेवायचा. मग पहिल्या गिअरमध्ये दोन्ही पाय उचलून उतरा. हे आधी तुम्ही करा, नंतर नवऱ्याला करू द्या, आणि दिरांना मागच्या सीटवर बसवा.